इनुविक ते साक्स हार्बर, मधे धुकं

आई,

परवा तुझी तेरवी झाली. पंगत मोठी बसली. तुझ्या एसटी डेपोतल्या सगळ्या बाया आल्या होत्या, निवृत्त झालेले ड्रायव्हर आले होते, पिंपळगाव राजाहून मामाकडची माणसं आली होती. भाताची परात माझ्याकडे होती आणि वरणाची बादली प्रशांतकडे. मी पुढे, तो मागे. पत्रावळीवर माझा भात पडला की मागून त्याचं वरण पडायचं. पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आम्ही बहीणभाऊ असे चालत गेलो आणि तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

त्याला जे बोलायचं होतं ते तो आधीच बोलून चुकला होता. मी चिखलीला पोचले त्याच दिवशी, अंगणात, सगळ्यांसमोर. माझ्या हातातली बॅगसुद्धा खाली ठेवली नव्हती.

"तुह्याजवळ इमान होतं नं, ताई? तू तं सोता चालवते. दोन घंट्याचं तं होतं. मंग काऊन नाही निघाली?"

मी बॅग खाली ठेवली. उत्तर द्यायला गेले असते तर धुक्याबद्दल बोलावं लागलं असतं, आणि तुझ्या राखेसमोर धुक्याबद्दल बोलायची मला लाज वाटली. तुला मात्र सांगायला हवं. अख्ख्या घरात ही गोष्ट कळणारी तू एकटीच होतीस. आणि ऐकून तू काय म्हणाली असतीस, याची खात्री मला तुझ्याबाबतीतच सगळ्यांत कमी आहे.

मी काय काम करते ते तू चिखलीच्या स्टँडवर सगळ्यांना एका वाक्यात सांगायचीस. "पोरगी डायवर हाय, इमानावर." लोकांना वाटायचं मोठं विमान असेल, दुबई-लंडन करत असेल. तुला खरं माहीत होतं. कॅनडाच्या पार उत्तरेला इनुविक नावाचं एक छोटं शहर. तिथून आणखी उत्तरेला, समुद्रापलीकडच्या बेटावर साक्स हार्बर नावाचं शंभरेक माणसांचं गाव. मधे रस्ता नाही. बोट फक्त उन्हाळ्यात, तीही एखादी. अंतर पाचशे किलोमीटरच्या थोडं वर. आमचं छोटं विमान ते दोन तासांत कापतं. दूध, पीठ, टपाल, टायर, बाळांचे कपडे, दवाखान्यात निघालेली माणसं, सगळं त्यातूनच जातं-येतं.

पहिल्यांदा फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा तू हिशेब लावलास. "पाचशे म्हंजे मुंबईच्याही पुढं गेली तू. आमाले रातभर लागते." मग विचारलंस, "शिटा किती?"

"बारा-तेरा. सामान जास्त असलं की कमी."

"मंग हे तं काळीपिवळी झाली वं!"

मी पोट धरून हसले. मग तू विचारलंस, "आन् घंटी कोण मारते?"

"घंटी नसते, आई. निघायचं की नाही ते मीच ठरवते."

"डायवरनंच ठरवाचं?" तुझा आवाज बदलला. "मंग त्याले आडवते कोण?"

मला तेव्हाही हसू येत होतं. पण तुझ्या मनात काय आलं ते मला लगेच कळलं. तुला तो फरशी पूल आठवला होता.

ती गोष्ट आपल्या घरात तू एकदाच सविस्तर सांगितलीस, बाकी नेहमी तुकड्यातुकड्यांत. बाबा गेल्यावर तुला एसटीत कंडक्टरची नोकरी मिळाली त्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. मी शाळेत होते. मेहकरच्या बाजूच्या एका खेड्याची मुक्कामाची गाडी, दुपारी वरच्या अंगाला जोराचा पाऊस झालेला, आणि वाटेतल्या नाल्याच्या फरशीवरून पाणी वाहत होतं. ड्रायव्हर म्हणाला, मी काढतो. त्याला त्या फरशीची रोजची सवय होती. गाडीतली माणसंही काढा, काढा म्हणून ओरडत होती. घंटीची दोरी तुझ्या हातात होती. तू घंटी मारली नाहीस.

गाडीत शेवंताबाई होत्या. त्यांच्या लेकीचे दिवस भरले होते, पलीकडच्या गावात ती एकटी होती, नवरा बाहेरगावी. शेवंताबाई ओरडल्या नाहीत. उठून तुझ्याजवळ आल्या, तुझा हात धरला आणि म्हणाल्या, "बाई, माही पोरगी अडली हाय तिकडं." तू म्हणालीस, "पाणी उतरू द्या, मावशी." तासाभरात पाणी उतरलं. गाडी आरामात पलीकडे गेली. शेवंताबाई घरी पोचल्या तेव्हा लेक गेलेली होती. बाळ वाचलं.

पुढे शेवंताबाई चिखलीच्या आठवडी बाजारात भाजी घेऊन बसायला लागल्या. तू भाजी त्यांच्याकडूनच घ्यायचीस. मी तुझ्यासोबत असायचे. त्या वांगी तोलायच्या, मिरच्या टाकायच्या, वरून कोथिंबिरीची एक जुडी पिशवीत सारायच्या. तुमच्या दोघींत "किती झाले?" यापलीकडे बोलणं व्हायचं नाही. घरी येताना तू म्हणायचीस, "काहीच नाही बोलत वं मले. बोलली असती तं बरं झालं असतं."

मी पायलट झाले आणि मला वाटलं, आता या गोष्टीचा निकाल मी लावू शकते. तुला किती वेळा सांगितलं, आई, तू बरोबर होतीस. पाणी किती आहे ते दिसत नसताना गाडी घालायची नसते. त्या गाडीत चाळीस माणसं होती. तू ऐकून घ्यायचीस आणि शेवटी म्हणायचीस, "तुह्य पुस्तकातलं मले नको सांगू. घंटी माराची होती."

"आणि गाडी वाहून गेली असती तर?"

"नसती गेली. तासाभरात उतरलं नं पाणी."

"ते तुला तेव्हा कुठं माहीत होतं?"

"नव्हतं माहीत. पण माराची होती."

हा वाद आपण चिखलीच्या स्वयंपाकघरात घातला, फोनवर घातला. माझ्या घरी तू आलीस तेव्हा तिथंही घातला. आता तो तसाच राहिला आहे. आता मी एकटीच दोन्ही बाजूंनी बोलते.

तू आलीस तो जून होता. विमानांतून विमानं बदलत, प्रत्येक विमानतळावर घाबरत, प्रत्येक ठिकाणी कुणातरी परक्या माणसाला हाताला धरून वाट विचारत तू इनुविकला पोचलीस. आणि पहिल्याच दिवशी तुझी एक पंचाईत झाली. तिथं त्या दिवसांत सूर्य मावळत नाही. तू देवाजवळ दिवा घेऊन बसलीस आणि खिडकीकडे बघत राहिलीस. "दिवा कधी लावू वं? संध्याकाळ तं होऊनच नाही राह्यली." मी म्हटलं, घड्याळ बघ आणि लाव. तू म्हणालीस, "घड्याळात पाहून कुठी संध्याकाळ होते काय?" त्या दिवशी आपण दिवा लावलाच नाही. दुसऱ्या दिवशी तू फोन करून प्रशांतला विचारलंस, तुमच्याकडं दिवे लागले का रे, आणि त्यानं हो म्हटल्यावर आपल्याकडे लावलास. जितके दिवस राहिलीस तितके दिवस इनुविकमधली तुझी सांजवात चिखलीच्या वेळेनं लागली. तिथं तेव्हा सकाळचा नाश्ता चाललेला असायचा.

मग मी तुला माझ्या विमानातून साक्स हार्बरला नेलं. तू पहिल्या सीटवर, माझ्या पाठीमागेच. आमच्या विमानात मधे दार नसतं, त्यामुळे मान वळवली की तू दिसायचीस. निघण्याआधी मी मागे पाहिलं तर तू उभी राहून मागच्या माणसांकडे बघत होतीस आणि तुझे ओठ हलत होते. सवयीनं तू माणसं मोजत होतीस. शेजारच्या सीटवरच्या, साक्स हार्बरच्या म्हाताऱ्या एलेननं तुला विचारलं, काय करतेस? तुला इंग्रजी समजलं नाही, तिला मराठी समजणार नव्हती. तू बोटानं एकेकाकडे दाखवून पुन्हा मोजून दाखवलंस आणि शेवटी तिच्याकडे बोट केलंस. ती खूष झाली.

समुद्रावर बर्फ फुटायला लागलेला होता. काळ्या पाण्यावर पांढरे तुकडे, नजर जाईल तिथपर्यंत. तू खिडकीला नाक लावून म्हणालीस, "पऱ्हाटी फुटली अशी वाटते." मी ते पाणी कितीदा तरी ओलांडलं होतं, आणि मला कधी कापसाचं शेत आठवलं नव्हतं. आता दरवेळी आठवतं.

खडीच्या धावपट्टीवर विमान टेकलं, थांबलं, पंखे बंद झाले. मी मागे वळले. तू म्हणालीस, "हळू टेकवली. समजलंच नाही मले." आई, परीक्षकांनी माझ्या कागदांवर खूप काही लिहून दिलं आहे. तुझं हे एवढं वाक्य मी कुणालाच सांगितलं नाही. मला ते माझ्यापुरतं ठेवायचं होतं.

एलेननं आपल्याला घरी नेलं. तव्यावर भाजलेली जाड भाकरी दिली, तू तिला लिंबाचं लोणचं दिलंस. तिनं ते वाळवलेल्या माशाबरोबर खाल्लं, तू तोंड फिरवून घेतलंस आणि तरी हसलीस. दोघींची भाषा वेगळी, पण दुपारभर तुमचं बोलणं चाललं होतं. गुडघेदुखीबद्दल असावं, कारण दोघीही आपापले गुडघे दाबून दाखवत होतात.

परतताना, विमान भरेपर्यंत बाहेर उभ्या असताना तू मला विचारलंस, "धुकं आलं तं काय करता?"

"थांबतो."

"कितीक?"

"उठेपर्यंत."

"लोकं काय म्हणतात? बोंबलत असतीन."

"नाही गं. एलेन म्हणते, चला, चहा घ्या."

तू समुद्राकडे बघत राहिलीस. मग इतकं हळू बोललीस की वाऱ्यात मला अर्धंच ऐकू आलं. "शेवंताबाईले मी चहा पण नाही पाजला. दोरी धरून नुसती उभी राह्यली."

त्यानंतर पुन्हा त्या विषयावर बोलायची हिंमत मला झाली नाही. मला वाटलं होतं तू चुकीच्या निर्णयावर रडतेस. तू कशावर रडत होतीस हे मला त्या दिवशी कळलं. विचारायचं होतं, आणखी बोलायचं होतं. आपल्याकडे वेळ आहे असं वाटलं.

आणि मग हा ऑगस्ट.

सकाळी इनुविकहून निघाले तेव्हा आकाश स्वच्छ होतं. साक्स हार्बरला उतरले, सामान उतरवलं, आणि फोन चालू केला तर प्रशांतचे फोन येऊन पडलेले. मी लावला. तिकडे संध्याकाळ होती.

"आईले बुलढाण्याले आणलं, ताई. डोक्यात रक्त साखळलं म्हणे डॉक्टर. बोलून नाही राह्यली."

"शुद्धीवर आहे?"

"डोळे उघडे हायेत. पाह्यते नुसती. तू ये."

"निघते," मी म्हटलं. मागे वळून पाहिलं तर धावपट्टीचं समुद्राकडचं टोक दिसत नव्हतं.

तिकडे धुकं आपल्या घाटातल्यासारखं वरून उतरत नाही. ते समुद्रावरून जमिनीला चिकटून चालत येतं. आधी टोक गेलं, मग इंधनाच्या टाक्या गेल्या, मग माझ्याच विमानाचा पंख धूसर झाला. परतीला माणसं होती. दोन लेकरं घेऊन निघालेली एक आई, डोळ्याच्या तपासणीला निघालेला एक म्हातारा, आणखी दोघं-तिघं. सगळे धावपट्टीजवळच्या छोट्या खोलीत येऊन बसले. निघा म्हणून कुणी घाई केली नाही. एलेनला गावात कुणीतरी सांगितलं असावं, ती थर्मास घेऊन आली.

दुपारी एकदा धुकं विरळ झालं. पलीकडचं टोक दिसलं. माणसांनी पिशव्या उचलल्या. माझा को-पायलट, वयानं माझ्यापेक्षा बराच लहान, माझ्याकडे बघून म्हणाला, "तू म्हणशील तसं." त्याला तुझ्याबद्दल कळलं होतं. मी निघायचं म्हटलं असतं तर तो एक शब्द न बोलता शेजारी येऊन बसला असता. ते मला दिसत होतं आणि त्याचीच मला भीती वाटली. आई, तू विचारलं होतंस ना, मग त्याले आडवते कोण? तिथं मला अडवणारं कुणी नव्हतं.

मी त्या टोकाकडे बघितलं. ते दिसत होतं. मग लक्षात आलं, तेवढ्यात मी दोनदा फोन काढून बघितला होता. त्या लेकरांपैकी मोठी मुलगी बुटांचे बंद बांधत होती. मी म्हटलं, "नाही. थांबायचं." थोड्या वेळानं धुकं पुन्हा दाटलं. दाटलं नसतं तरी माझं उत्तर तेच राहिलं असतं का, हे मी स्वतःला विचारून पाहिलं आहे. राहिलं असतं, असं वाटतं. पण वाटतं म्हणजे काय, ते तुला माहीत आहे.

प्रशांतनं फोन तुझ्या कानाला लावला. मी एलेनच्या घरात होते. पलीकडून कॉटचा आवाज, कुणाची तरी पावलं, आणि तुझा श्वास. मी काय बोलले? काही शहाणपणाचं बोलले नाही. "आई, मी इथं आहे. धुकं आहे. उठलं की निघते." तेच पुन्हा पुन्हा. तू ऐकलंस की नाही कुणाला सांगता येणार नाही. प्रशांत म्हणाला, डोळ्यांतून पाणी आलं. पण ते पाणी तुला आधीपासूनच येत होतं, हेही तोच म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं उठलं. लख्ख ऊन पडलं. आणि ही गोष्ट प्रशांतला कुठल्याच प्रकारे समजावता येत नाही, आई. ऊन पडल्यावरही मी विमान काढलं नाही. मी ऑफिसला कळवलं की मी चालवण्याच्या अवस्थेत नाही, दुसरा कॅप्टन पाठवा. मी डोळे मिटले की बुलढाण्याची कॉट दिसत होती. त्या डोळ्यांनी मी दुसऱ्यांची लेकरं समुद्रावरून नेणार नव्हते. दुसरं विमान यायचं होतं. त्याची वाट बघत मी बाहेर खडीवर बसले होते तेव्हा प्रशांतचा फोन आला. त्यानं "ताई" एवढंच म्हटलं.

एलेन शेजारी होती. तिनं फोन माझ्या हातातून काढून घेतला, माझा हात तिच्या मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "तिनं आम्हाला मोजलं होतं."

मी माझ्याच विमानात तू बसली होतीस त्या सीटवर बसून इनुविकला आले. तिथून पुढची विमानं, तास आणि विमानतळ मी सांगत नाही. मी त्या सकाळी निघाले असते तरी तू मला भेटली नसतीस. मधे अख्खी पृथ्वी होती. प्रशांतलाही हे ठाऊक आहे. पण त्याचा राग पृथ्वीवर नाही, त्या दोन तासांवर आहे. ते दोन तास माझ्या हातात होते, आणि मी ते घेतले नाहीत, असं त्याला वाटतं.

तरी त्यानं अस्थी माझ्यासाठी ठेवल्या होत्या. मागच्या कडुनिंबाला मडकं टांगून. लोक म्हणत होते तिसऱ्या दिवशी उरकून टाक, त्यानं ऐकलं नाही. पैनगंगेवर गेलो तेव्हा पाण्यात उतरून त्यानं मडकं माझ्या हातात दिलं, माझ्याकडे न बघता. तुझी राख माझ्या बोटांना चिकटली आणि मी ती धुतली नाही, पाण्यानंच हळूहळू नेली.

तेरवीला आत्या मोठ्यानं म्हणाली, "कायची पायलट! मायच्या तोंडात पाणी बी नाही टाकता आलं." प्रशांतनं बादली खाली टेकवली. मला वाटलं आता तोही काही बोलेल. तो म्हणाला, "आत्या, जेवा. वरण थंड होऊन राह्यलं." मग बादली उचलून पुढे गेला.

पंगती उठल्यावर शेवंताबाई आल्या. नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. हो, तेच बाळ, आता चांगला मिशीवाला बाप्या आहे. त्या तुझ्या फोटोसमोर बसल्या, हात जोडले. मी त्यांना पाणी दिलं आणि चहा करून आणला. तू नाही पाजलास म्हणून. त्यांनी तो बशीत ओतून प्यायला. मी शेजारी बसले, आणि मला राहवलं नाही.

"मावशी, तुमचा आईवर राग होता?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "होता नं. लय होता. अजून बी असंन थोडाक."

"मग कधी बोलल्या का नाहीत? तिला वाटायचं तुम्ही बोलावं."

"बोलली असती तं तुही माय माह्याकडे आली नसती," त्या म्हणाल्या. "बाजारात एवढ्या जणी भाजी घेऊन बसतात. दुसरी कोणी असती तं तोंड चुकवून पलीकडून गेली असती. तुही माय दर बाजारी येऊन बसे माह्यासमोर. माह्या पोरीले आठवणारी ते एकच होती, बाप्पा. तिले कायले तोडू?"

तुला हे सांगायचं होतं, आई. या सगळ्या लिहिण्यात दुसरं काही नसतं तरी चाललं असतं, हे तेवढं तुझ्यापर्यंत पोचायला हवं होतं. तू इतकी वर्षं त्या बाईच्या गप्प बसण्याला शिक्षा समजलीस. घंटी मारायची होती की नव्हती, ते मला आता सांगता येत नाही, तुझ्याशी भांडायला मी तयार होते तेव्हा जितक्या जोरानं सांगायचे तितकं तर नाहीच. पण ती बाई तुझी वाट बघायची. तू भाजी घ्यायला जायचीस, आणि ती तुझी वाट बघत असायची.

आज मी परत निघाले. संभाजीनगरच्या विमानतळावर बसून हे लिहिते आहे. मी एसटीनं जाणार होते, बॅग घेऊन अंगणात आले तर प्रशांत गाडी काढून उभा. त्यानं मागचं दार उघडून बॅग आत टाकली. मी मागे बसू शकले असते. मला बाजारात शेवंताबाईंसमोर बसणारी तू आठवलीस आणि मी पुढे, त्याच्या शेजारी बसले. देऊळगाव राजा गेलं, जालना गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन कमरेला लागलेलं. कुठं कुठं बैलांची शिंगं रंगवून झाली होती, पोळा जवळ आलेला. आम्ही एक शब्द बोललो नाही. मी त्याच्याकडे बघितलं. कानाजवळ केस पांढरे झालेत त्याचे. तुझ्या उशापायथ्याशी तो एकटा होता, आई. डॉक्टरांशी तो बोलला, फोन त्यानं लावले, अग्नी त्यानं दिला. त्यानं कुणाशी भांडायचं? मी तेवढी उरले होते.

विमानतळाच्या फाटकाजवळ त्यानं गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. उतरला नाही. समोरच्या काचेतून बघत म्हणाला,

"आता परत त्याच गावी जाशीन? त्या बेटावर?"

"हो. पुढच्या आठवड्यापासून."

"रस्ताच नाही म्हणते तिकडं?"

"नाही."

"आन् हिवाळ्यात बी धुकं राह्यते?"

"हिवाळ्यात वादळं असतात. काही दिसत नाही."

त्यानं स्टेअरिंगवरचे हात काढले, पँटला पुसले.

"मंग थांबत जाय," तो म्हणाला. "कोणी काई बी म्हणो. माह्याजवळ आता तू एकलीच हायेस."

आणि माझी बॅग काढायला खाली उतरला.